मित्रांचं सरकार आलं आणि गोखल्यांचे हात बांधले गेले

१९ फेब्रुवारी म्हटलं की महाराष्ट्रात शिवजयंती. आपल्या बेळगावात चित्ररथांची मिरवणूक वैशाखात निघते, पण १९ फेब्रुवारीला इथल्याही चौकाचौकात भगवे झेंडे लागतातच. त्याच तारखेला, १९१५ साली, पुण्यात एक माणूस वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गेला, हे मात्र आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

पुण्याचे गोखले, कोकणातले गोखले असं आपण म्हणतो. पण हा माणूस वाढला तो आपल्या शेजारी. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालं की कोगनोळीचा टोलनाका येतो, मग दूधगंगा, आणि पलीकडे कागल. निपाणीपासून वीसेक किलोमीटर. जन्म ९ मे १८६६ चा, गुहागरजवळच्या कोतळुकचा. पण वडील कृष्णराव कागल जहागिरीत नोकरीला होते, त्यामुळे गोपाळची पहिली शाळा कागलचीच. पुढचं शिक्षण कोल्हापूरला. आज मधे राज्याची सीमा आहे, तेव्हा एकीकडे संस्थान आणि दुसरीकडे मुंबई इलाख्याचा बेळगाव जिल्हा होता. बाजार, सोयरीक आणि भाषा मात्र एकच.

पंधरा रुपयांतले आठ रुपये

गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले. थोरल्या भावानं, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दर महिन्याला धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवले. १८८१ ला मॅट्रिक, १८८४ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. आयसीएस किंवा वकिली करून घर वर काढता आलं असतं. गोखल्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तरकी पत्करली आणि पुढं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्याला आला तो शिकवला. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक तर पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या दप्तरात होतं.

याच काळात न्यायमूर्ती रानड्यांची गाठ पडली. रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचायला, आकडे तपासायला आणि पुराव्याशिवाय वाक्य न लिहायला शिकवलं. पुराव्याशिवाय बोलण्याची किंमत काय, हे गोखल्यांना १८९७ साली कळलं. पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी विलायतेत जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं फोडायची नाहीत म्हणून त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला आणि जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. भित्रा हा शिक्का तेव्हा बसला तो कायमचाच.

कर्झनसमोर कणखर

पण या भित्र्या माणसाचं पुढचं वागणं बघा. १९०१ साली मुंबई कायदेमंडळात जमीन महसुलाचं विधेयक आलं. शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्क कमी करणारं. फिरोजशहा मेहता आणि गोखले सभा सोडून बाहेर पडले. १९०२ मध्ये ते कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा डांगोरा पिटत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिलं, की दुष्काळानं लोक मरत असताना शिल्लक राहते म्हणजे कर जास्त घेतला जातोय. पहिलं लक्ष्य मिठावरचा कर. तेव्हा तो मणाला अडीच रुपये होता. १९०३ ला दोन, १९०५ ला दीड, १९०७ ला एक रुपया झाला. मीठ गरिबाच्याही चुलीपाशी असतं, त्यामुळे ही कपात प्रत्येक घरात पोचली.

१९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्याच वर्षी लॉर्ड कर्झननं बंगालची फाळणी केली. डिसेंबरात बनारसला काँग्रेस भरली, अध्यक्ष एकोणचाळीस वर्षांचे गोखले. तिथं त्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाशी केली आणि बंगालच्या बहिष्काराची बाजूही सांभाळून का होईना, पण घेतली.

समोर कर्झनसारखा उघड विरोधक असताना गोखले अडखळले नाहीत. पंचाईत झाली ती पुढच्या महिन्यात.

विलायतेतली निवडणूक

१९०६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये निवडणूक झाली. लिबरल पक्षानं ६७० पैकी सुमारे ४०० जागा जिंकल्या. मजूर पक्षाचेही २९ जण निवडून आले. भारतमंत्री झाले जॉन मोर्ले. हे मोर्ले म्हणजे मिलचे शिष्य, ग्लॅडस्टनचे चरित्रकार, आयर्लंडच्या स्वराज्याचे पाठीराखे. गोखल्यांची पिढी त्यांची पुस्तकं वाचून मोठी झालेली. इथल्या सुशिक्षितांना वाटलं, आता आपला माणूस गादीवर बसला.

गोखले लगेच विलायतेला गेले. मोर्लेंच्या पुन्हा पुन्हा भेटी घेतल्या. कायदेमंडळात जास्त लोकनियुक्त सभासद, अंदाजपत्रकावर खरी चर्चा, कार्यकारी मंडळात हिंदी माणूस अशी मागण्यांची यादी समोर ठेवली. मोर्लेंनी ऐकून घेतलं, गोड बोलले. पण बंगालची फाळणी आता ठरून गेलेली गोष्ट आहे, असं त्यांनी पार्लमेंटात आधीच सांगून टाकलं होतं.

इथूनच गोखल्यांचं राजकारण कात्रीत सापडलं. मोर्लेंभोवती जुने अधिकारी, टोरी वर्तमानपत्रं, लॉर्डांची सभा. हिंदुस्थानात गडबड वाढली तर सुधारणा बारगळतील, असं गोखल्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून ते आपल्याच लोकांना धीर धरा म्हणू लागले. आणि सरकार मात्र थांबत नव्हतं. मे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना खटल्याशिवाय मंडालेला धाडलं गेलं. हुकुमाला मंजुरी त्याच मोर्ले साहेबांची. ऑगस्टमध्ये मोर्लेंनी आपल्या लंडनच्या कौन्सिलवर दोन हिंदी सभासद घेतले. एका हातानं हद्दपारी, दुसऱ्या हातानं नेमणूक.

लजपतराय गोखल्यांचे मित्र. त्यांच्या सुटकेसाठी गोखल्यांनी जिवाचं रान केलं, आणि नोव्हेंबरात लालाजी सुटले. त्याच महिन्यात सभाबंदीचा कायदा आला, त्याला गोखल्यांनी कायदेमंडळात कडाडून विरोध केला. पण सरकारावरचा विश्वास सोडवेना.

सुरतेचा जोडा

टिळकांचं गणित वेगळं होतं. सरकार लिबरल असो की टोरी, दडपण आल्याशिवाय कुणी काही देत नाही, एवढं ते साधं. टिळकही काही बॉम्ब घेऊन निघालेले नव्हते. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण हीच त्यांची हत्यारं. पण ती रस्त्यावरची हत्यारं होती, आणि गोखल्यांना भीती रस्त्याची होती. बेळगाव या वादात बहुतांशी टिळकांच्या बाजूला. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे हे तर त्यांचे खंदे साथी.

डिसेंबर १९०७ ला सुरतेत काँग्रेस मोडली. टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, गोंधळ झाला, एक जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या उडाल्या. तिथं हजर असलेले इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनी लिहून ठेवलंय, की टिळकांच्या अंगावर लोक धावून आले तेव्हा त्यांना वाचवायला दोन्ही हात पसरून उभे राहिले ते गोखले. वैर विचारांचं होतं, ते एवढंच.

काँग्रेस फुटल्याचा फायदा सरकारनं उचलला. जून १९०८ मध्ये टिळकांना पकडलं, सहा वर्षं मंडाले. गोखले तेव्हा लंडनमध्ये मोर्लेंशी बोलणी करत होते, म्हणून त्यांनीच टिळकांना अडकवलं अशी कुजबुज पुण्यात सुरू झाली. ती खोटी होती. पण ज्या सरकारशी आपण वाटाघाटी करतो त्याच्या पापाचा वाटा आपल्याही पदरात पडतो, हे त्यातून दिसलं.

हाती काय आलं?

१९०९ चा सुधारणा कायदा अखेर आला. प्रांतांच्या कायदेमंडळात बिनसरकारी बहुमत मिळालं, पण केंद्रात सरकारी बहुमत कायम. मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले. हिंदुस्थानात पार्लमेंट आणण्याचा आपला विचार नाही, हे मोर्लेंनी लॉर्डांच्या सभेत आधीच स्पष्ट केलं होतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सत्येंद्र प्रसन्न सिन्हा गेले, एवढी एक खिडकी उघडली.

तिकडं तरुणांचा धीर संपला होता. १९०८ ला मुझफ्फरपूरचा बॉम्ब, १९०९ ला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा, डिसेंबरात नाशिकला अनंत कान्हेरे. १९१० मध्ये सरकारनं वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदा आणला. तीन वर्षांपूर्वी सभाबंदीवर तुटून पडलेले गोखले या वेळी मवाळच राहिले. मित्राच्या सरकारनं बांधलेले हात ते हेच.

म्हणून गोखले फुकट गेले असं म्हणायचं का? तसंही नाही. त्यांनी मिळालेल्या अर्ध्या दारातून शिरून १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पण विषय मेला नाही. कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं. १९१८ ला विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यासाठी नगरपालिकांना तसा अधिकार देणारा कायदा करून घेतला, म्हणजे तो बेळगाव जिल्ह्यालाही लागू. मुलाचा शिक्षणाचा हक्क देशभर कायद्यात यायला २००९ उजाडलं. मजुरांना करारानं परदेशी पाठवण्याची पद्धत बंद करा हा त्यांचा ठरावही १९१२ ला पडला होता. ती पद्धत १९१७ ला बंद झाली.

बेळगावात दोन धारा

टिळक जून १९१४ ला सुटले. दोन्ही गट एक करायची बोलणी झाली आणि फिसकटली. दोनेक महिन्यांत गोखले गेले. जाण्यापूर्वी आजारी हातानं त्यांनी प्रांतांना स्वायत्तता देण्याची योजना लिहून ठेवली, ती पुढं १९१७ मध्ये छापली गेली. अंत्ययात्रेला टिळक सिंहगडावरून आले आणि स्मशानात त्यांच्याबद्दल आदरानं बोलले.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला प्रांतिक परिषद भरली. टिळकांच्या गटानं काँग्रेसमध्ये परत जायचं ठरवलं, आणि इथंच त्यांचा होमरूल लीग जन्मला. आठ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीच्या परिसरात भरलं. यजमान टिळकांचे गंगाधरराव, अध्यक्ष गोखल्यांना राजकीय गुरू मानणारे गांधीजी. गुरूचा आकडा आणि संयम त्यांनी घेतला, पण सरकार कुणाचं आलं यावर विसंबणं सोडलं आणि लोकांना घेऊन रस्त्यावर आले. मिठाचा जो कर गोखल्यांनी सभागृहात अडीचाचा एक करून घेतला होता, त्याच मिठावर १९३० ला शिष्यानं कायदा मोडला.

सीमाभागात हा वाद पुस्तकी नाही. १९५६ पासून आपण ठराव केले, सत्याग्रह केले, आमदार निवडून दिले, आणि २००४ पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. दर निवडणुकीनंतर आपल्याही घरांत बोलणं होतं, आता आपली माणसं आलीत, थोडं थांबू. गोखल्यांच्या आयुष्यात या थांबण्याचा हिशेब मांडलेला आहे. कर्झनच्या काळात त्यांनी सरकारकडून मिठाचा कर दोनदा उतरवून घेतला. मोर्लेंच्या काळात ते वाट बघत राहिले, आणि वाट बघणाऱ्याकडे काही मागायचं बळ उरत नाही. आपलं म्हणवणारं सरकार आलं की कागदपत्रं आणखी पक्की करावीत आणि आवाज तसाच चढा ठेवावा, एवढं तरी या कागलच्या पोराकडून आपण शिकावं.