फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिव्यामागचे खटके

हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपण शाळेत असल्यापासून ओळखतो. 12 मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. आपल्या धर्मग्रामातून नाईट ड्युटीला जाणाऱ्या सिस्टरना मात्र त्या दिव्यापेक्षा बाईंचे डॉक्टरांशी आणि साहेबांशी उडालेले खटकेच अधिक ओळखीचे वाटतील. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

1820 साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात, एका श्रीमंत इंग्रज घरात त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा विरोध असताना त्यांनी जर्मनीत रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. 1853 साली लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका संस्थेच्या त्या प्रमुख झाल्या. समितीला कॅथलिक रुग्ण नको होते. सर्व धर्मपंथांच्या स्त्रियांना घेणार नसाल तर आपण काम सोडू, असे बाईंनी कळवले. समिती नमली.

नोव्हेंबर 1854 मध्ये, क्रिमियाच्या युद्धातील इंग्रज सैनिकांच्या सेवेसाठी, 38 जणींचे पथक घेऊन त्या तुर्कस्तानात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. लंडनच्या बर्मंडसी येथील मदर मेरी क्लेअर मूर त्यांपैकीच एक.

डॉक्टरांना या बायका नको होत्या. बाईंनी वाद घातला नाही. डॉक्टर बोलावत नाहीत तोवर कोणीही रुग्णाला हात लावायचा नाही, असा हुकूम त्यांनी आपल्याच परिचारिकांना दिला. जखमी कण्हत होते आणि या बसून कपडे शिवत होत्या! हे वाचून आमचे मन अस्वस्थ होते. पण थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतील जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांनीच त्यांना हाक मारली.

खाटेजवळ डॉक्टरांचा शब्द पाळायचा, पण साबण का नाही, शर्ट का नाहीत, हे वरच्यांना विचारायचेच, अशी त्यांची रीत होती. कोठारातला माल नियमावर बोट ठेवून अडवला जाई, तेव्हा त्या वर्गणीच्या आणि स्वतःच्या पैशाने बाजारातून वस्तू आणत. मंत्री सिडनी हर्बर्ट यांना लांबलचक पत्रे लिहीत. वैद्यकीय प्रमुख डॉ. जॉन हॉल यांनी स्कुतारीत सर्व ठीक असल्याचे कळवले होते, त्यांना ही पत्रे कशी रुचावीत? बाईंचा अधिकार तुर्कस्तानपुरता आहे, क्रिमियात नाही, हे त्यांनी धरून ठेवले. मार्च 1856 मध्ये लष्करी हुकूम निघून तो वाद मिटला, तोवर युद्धच संपत आले होते.

पण बाईंनाच कोणी प्रश्न केला तर? डिसेंबर 1854 मध्ये आयर्लंडच्या मदर फ्रान्सिस ब्रिजमन आपल्या भगिनींसह आल्या. त्यांना कॉलऱ्याच्या रुग्णांचा अनुभव होता. आपल्या भगिनी आपल्याच आज्ञेत राहतील, असे त्यांचे म्हणणे. बाईंना ते सहन झाले नाही. पुढे डॉ. हॉल यांनी मदर ब्रिजमनना बालाक्लावाला बोलावून घेतले. दोघी चांगल्या स्त्रिया भांडल्या आणि फावले साहेबाचे! येथे बाईंची बाजू आम्हांला पूर्णपणे पटत नाही. व्रतबद्ध भगिनी हा प्रश्न विचारणारच. मदर क्लेअर मूर यांनी मात्र आपले व्रतही सांभाळले आणि बाईंचा शब्दही. प्रमुखपदाला आपल्यापेक्षा त्याच अधिक लायक होत्या, असे बाईंनी त्यांना लिहून कळवले. दोघींची मैत्री 1874 साली मदर वारल्या तोपर्यंत टिकली.

त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुतारीत चार हजारांहून अधिक सैनिक दगावले. मार्च 1855 मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. परतल्यावर विल्यम फार यांच्यासह आकडे मांडताना बाईंना उमगले, की जखमांपेक्षा घाणीने अधिक माणसे मारली होती, आणि आपण त्याच इमारतीत राबत होतो. मग त्या आकड्यांचे तक्ते घेऊन त्या सरकारच्या मागे लागल्या.

1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी नर्सिंगची शाळा काढली. नर्सचे काम मोलकरणीसारखे, त्याला शिक्षण कशाला, असे तेथील एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकाचे मत होते. आजारपणामुळे बाई बहुतेक घरीच असत. 1910 साली, नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या. शाळेतल्या मुली वॉर्डात दिसलेले वहीत लिहीत आणि त्या वह्या बाई घरी मागवून स्वतः वाचत.