थॉमस जॅगर

थॉमस ऑगस्टस जॅगर (जन्म : २४ जानेवारी १८७१, मृत्यू : १७ जानेवारी १९५३) हे अमेरिकन भूवैज्ञानिक व ज्वालामुखीतज्ज्ञ होते. हवाई बेटावरील किलाउआ ज्वालामुखीच्या काठावर १९१२ साली स्थापन झालेल्या हवाई ज्वालामुखी वेधशाळेचे ते संस्थापक व पहिले संचालक होत. उद्रेकानंतर त्याच्या खुणा तपासत बसण्याऐवजी ज्वालामुखीजवळ कायम राहून रोज नोंदी ठेवाव्यात व त्यांच्या आधारे लोकांना वेळीच सावध करावे, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला.

प्रारंभिक जीवन

जॅगर यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मगुरू (बिशप) होते. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १८९७ साली भूविज्ञानात डॉक्टरेट मिळवली.

सेंट पियेरची दुर्घटना

८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला. अतितप्त वायू, राख आणि खडकांचे तुकडे यांचा लोट उतारावरून वेगाने खाली आला आणि काही मिनिटांतच सेंट पियेर शहर बेचिराख झाले. सुमारे २८,००० माणसे मृत्युमुखी पडली. पाहणीसाठी पाठवलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञांमध्ये जॅगर होते. पर्वतातून आधीचे दोन आठवडे राख व वाफ बाहेर पडत होती; मात्र त्या लक्षणांचा अर्थ सांगू शकेल अशी व्यवस्था तेथे नव्हती. या अनुभवाने जॅगर यांच्या कार्याची दिशा ठरली.

वेधशाळेची स्थापना

१९०६ साली ते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत भूविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. होनोलुलू येथील उद्योजक लॉरिन थर्स्टन यांच्या साहाय्याने त्यांनी किलाउआवर वेधशाळा उभारली. ही जागा अभ्यासास सोयीची होती. हवाईतील बेसाल्टी शिलारस पातळ असल्याने त्यातील वायू सहज निसटतात आणि लाव्हा बहुधा शांतपणे वाहतो. पेलेसारख्या ज्वालामुखीतील शिलारसात सिलिकाचे प्रमाण अधिक असते. तो चिकट असल्याने वायू कोंडतात व स्फोट होतो. शिलारस वर चढू लागला की लहान भूकंप होतात, जमीन फुगते आणि बाहेर पडणाऱ्या वायूंत बदल होतो. या लक्षणांच्या नियमित नोंदी ठेवण्यावर वेधशाळेचा भर होता.

त्सुनामीचे इशारे

३ फेब्रुवारी १९२३ रोजी वेधशाळेच्या भूकंपमापकावर कामचात्का येथील मोठ्या भूकंपाची नोंद झाली. जॅगर यांनी हिलो बंदरास त्सुनामीची सूचना दिली, परंतु तिची गांभीर्याने दखल घेतली गेली नाही. लाटांमुळे बंदराचे नुकसान झाले आणि एक मच्छीमार मरण पावला. मार्च १९३३ मध्ये जपानजवळील भूकंपानंतर मात्र त्यांचा इशारा मानला गेला. नौका खोल समुद्रात नेण्यात आल्या आणि प्राणहानी टळली.

लाव्हा रोखण्याचा प्रयोग

१९३५ साली मौना लोआचा लाव्हा हिलो शहराच्या पाणीपुरवठ्याच्या दिशेने सरकू लागला. जॅगर यांच्या सूचनेवरून २७ डिसेंबर रोजी लष्करी विमानांनी लाव्हाच्या उगमाजवळ बॉम्ब टाकले. काही दिवसांत प्रवाह थांबला. जॅगर यांनी याचे श्रेय बॉम्बफेकीस दिले. उद्रेक आपोआपच ओसरत होता, असे इतर अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे.

निवृत्ती व वारसा

जॅगर १९४० साली संचालकपदावरून निवृत्त झाले. किलाउआच्या काठावरील संग्रहालयास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली ज्वालामुखीचे शिखर खचताना झालेल्या भूकंपांमुळे ते कायमचे बंद झाले. त्याच वर्षीच्या उद्रेकात सुमारे ७०० घरे नष्ट झाली. वेधशाळेचे इशारे आणि वेळेवर झालेले स्थलांतर यांमुळे त्यात एकही बळी गेला नाही.