बीथोव्हेनचा बाप्तिस्म्याचा दाखला

थोर संगीतकार लुडविग व्हान बीथोव्हेन नेमका कोणत्या दिवशी जन्मला हे कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या जन्माचा अधिकृत पुरावा म्हणजे जर्मनीतील बॉन शहरातल्या संत रेमिजियस चर्चचे रजिस्टर. त्यात १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. त्या काळी मूल जन्मले की दुसऱ्याच दिवशी त्याला चर्चमध्ये नेत. त्यावरून जन्म १६ डिसेंबरचा असावा असे मानले जाते. आपल्या धर्मग्रामाच्या कपाटातील जाडजूड रजिस्टरांची आठवण आपल्याला शाळाप्रवेशाला, लग्नाला किंवा पासपोर्ट काढताना तेवढी होते. परंतु अशाच एका ओळीवर एका महान माणसाचा जन्मदिवस उभा आहे.

२०२३ साली शास्त्रज्ञांनी बीथोव्हेनच्या केसांतील जनुके वाचली. तेव्हा त्याच्या घराण्याच्या कागदोपत्री नोंदी आणि त्याच्या शरीरातील नोंद यांचा मेळ बसेना. वर्तमानपत्रांनी या बातमीला चांगलेच मीठमसाला लावले. बीथोव्हेन तर औरस नव्हताच, असे काहींनी परस्पर ठरवूनही टाकले. म्हणून त्याची जीवनकथा नीट पाहिली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

बीथोव्हेनचे आजोबा, त्यांचेही नाव लुडविगच, आजच्या बेल्जियममधील मेखेलन गावचे. गाता गळा घेऊन ते बॉनला आले आणि कोलोनच्या आर्चबिशपच्या दरबारात संगीतप्रमुख झाले. हे आर्चबिशप त्या प्रदेशाचे राज्यकर्तेही होते. आजोबांचा मुलगा योहान त्याच दरबारात गायक होता. योहान आणि मारिया माग्दालेना यांना सात मुले झाली, त्यांतली तीनच जगली. लुडविग हा त्या तिघांतला थोरला. योहानला दारूचे व्यसन होते. आजीलाही होते, आणि तिला शेवटी मठात ठेवावे लागले. १७८७ साली आई क्षयाने गेली तेव्हा लुडविग सोळा वर्षांचा होता. दोनच वर्षांनी त्याने दरबाराकडे अर्ज केला, की वडिलांचा अर्धा पगार माझ्या हाती द्यावा, म्हणजे दोन धाकट्या भावांना सांभाळता येईल. अर्ज मंजूर झाला. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बापाविरुद्ध असा अर्ज लिहावा लागणे म्हणजे काय, हे आपल्याकडील काही घरांना वेगळे सांगायला नको.

१७९२ साली तो व्हिएन्नाला गेला. हायडनसारख्या गुरूकडे शिकला आणि पियानोवादक म्हणून थोड्याच वर्षांत गाजला. तिशीही गाठली नव्हती तेव्हाच त्याचे कान जाऊ लागले. १८०१ साली त्याने आपला बालमित्र डॉक्टर व्हेगेलर याला पत्र लिहून सांगितले, की कानांत रात्रंदिवस आवाज घुमतात, वरचे सूर ऐकू येत नाहीत, आणि लोकांना कळेल या भीतीने मी माणसांत जाणेच सोडले आहे. पोटाचा त्रासही तेव्हा होताच.

१८०२ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावी असताना त्याने आपल्या दोन्ही भावांना उद्देशून एक मृत्युपत्र लिहिले. जीव द्यावा असे मनात आले होते, पण हातून जे व्हायचे आहे ते केल्याशिवाय जाता येईना, असा त्यातला भाव आहे. त्याची शेवटची इच्छाही त्यात आहे. आपण मेल्यावर डॉक्टर श्मिट हयात असतील तर त्यांना माझ्या आजाराचे वर्णन लिहायला सांगा आणि ते या कागदाला जोडा, म्हणजे मी माणूसघाणा नव्हतो, आजारी होतो, हे लोकांना निदान मेल्यावर तरी कळेल. हा कागद त्याने कुणालाच पाठवला नाही. पंचवीस वर्षे जवळ ठेवला. डॉक्टर श्मिट त्याच्या आधीच, १८०९ मध्ये वारले.

१८१० साली त्याच्या मनात लग्नाचा विचार आला आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याची गरज पडली. त्याने तो व्हेगेलरकडून मागवला. दाखला आला, त्यावर १७७० साल होते, पण बीथोव्हेनला ते पटेना. आपला जन्म १७७२ चा, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याच्या आधी आईवडिलांना लुडविग मारिया नावाचा एक मुलगा झाला होता. एप्रिल १७६९ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि अवघ्या सहा दिवसांत तो गेला. हा दाखला त्या मेलेल्या भावाचा असावा, असे बीथोव्हेनने धरून ठेवले. वास्तविक दाखला त्याचाच होता. लग्न मात्र झालेच नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. संगीतकारांच्या एका छापील कोशात बीथोव्हेन हा प्रशियाच्या राजाचा अनौरस मुलगा असल्याची कंडी आली, आणि पुढच्या कोशांनी ती बिनदिक्कत उतरवून घेतली. बीथोव्हेनने बरीच वर्षे तिचे खंडन केले नाही. व्हेगेलरला ते फार लागले. त्याने मित्राला पत्र लिहून विचारले, की तुझ्या आईच्या अब्रूचा प्रश्न असताना तू गप्प कसा? बीथोव्हेनचे उत्तर ७ डिसेंबर १८२६ चे आहे. माझे आईवडील, विशेषतः आई, किती सचोटीची माणसे होती हे तू जगाला सांग, असे त्याने मित्राला कळवले. तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता. चार महिन्यांनी तो या जगात नव्हता.

मधल्या काळात वंशाच्या प्रश्नाने त्याला कोर्टातही गाठले. भाऊ कार्ल १८१५ साली क्षयाने वारला आणि त्याच्या मुलाच्या ताब्यावरून बीथोव्हेन व भावजय यांच्यात कज्जा सुरू झाला. खटला उमरावांच्या कोर्टात होता, कारण नावातील व्हान या शब्दामुळे बीथोव्हेन उमराव घराण्यातला असावा अशी समजूत होती. १८१८ च्या डिसेंबरात कोर्टाने पुरावा मागितला. पुरावा कुठला असणार? फ्लेमिश भाषेत व्हान म्हणजे अमुक गावचा, एवढाच अर्थ. खटला सामान्य लोकांच्या कोर्टात पाठवण्यात आला आणि हा अपमान त्याला फार झोंबला. शेवटी १८२० मध्ये तो जिंकला. त्या ओढाताणीत पुतण्याचे आणि भावजयीचे जे हाल झाले ते पाहता, या प्रकरणात बीथोव्हेनची बाजू घेणे आम्हांला जमत नाही.

याच वर्षांत त्याची मोठी कामे झाली. त्याचा शिष्य आर्चड्यूक रुडॉल्फ ओल्म्युट्झचा आर्चबिशप होणार होता. त्या समारंभासाठी म्हणून त्याने मिस्साची भव्य संगीतरचना हाती घेतली. समारंभ १८२० मध्ये उरकला, आणि मिस्सा पूर्ण व्हायला १८२३ उजाडले! ७ मे १८२४ रोजी नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. टाळ्यांचा कडकडाट होत होता आणि बीथोव्हेन लोकांकडे पाठ करून उभा होता. एका गायिकेने त्याला वळवले, तेव्हा त्याला तो दिसला. तोपर्यंत इतरांशी त्याचे बोलणे वह्यांमधून चाले. समोरचा वहीत लिही आणि हा तोंडाने उत्तर देई.

१८२१ साली त्याला कावीळ झाली होती. १८२६ च्या डिसेंबरात पोटात पाणी साठले आणि ते चार वेळा काढावे लागले. २४ मार्च १८२७ रोजी त्याने अंतिम संस्कार स्वीकारले आणि २६ मार्चला संध्याकाळी प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. यकृत निम्म्यावर आलेले, चामड्यासारखे कडक आणि गाठीगाठींचे होते. कानाच्या नसा आक्रसल्या होत्या. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. भेटायला आलेल्यांनी आठवण म्हणून त्याच्या केसांच्या बटा कापून नेल्या. हे केस कुणी चौकटीत, कुणी लॉकेटमध्ये जपले आणि पिढ्यान्पिढ्या पुढे दिले.

शास्त्रज्ञांनी हात घातला तो याच बटांना. कापलेल्या केसाला मूळ नसते आणि जुन्या केसात डीएनएचे अगदी बारीक तुकडे उरतात. परंतु हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतील डीएनए वाचण्याची जी पद्धत अलीकडे विकसित झाली, ती इथेही लागू पडली. केंब्रिजचे ट्रिस्टन बेग, लाइपझिगची माक्स प्लांक संस्था आणि बेल्जियममधील लोव्हेनचे कॅथॉलिक विद्यापीठ अशा अनेकांनी मिळून आठ बटा तपासल्या. त्यांतल्या पाच एकाच पुरुषाच्या निघाल्या आणि त्यांचा पूर्वेतिहासही चोख होता. सर्वांत प्रसिद्ध बट मात्र एका स्त्रीची निघाली! पंधरा वर्षांच्या फर्डिनांड हिलरने ती शवावरून कापली, असे सांगितले जाई. त्या बटेत शिसे सापडल्यामुळे बीथोव्हेन शिशाच्या विषबाधेने मेला, असा गाजावाजा २००० साली झाला होता. तो अर्थातच कोलमडला. गंमत अशी, की २०२४ साली दोन खऱ्या बटा तपासल्या तेव्हा त्यांतही खूप शिसे सापडले. त्या काळी वाईन गोड करायला शिशाचे क्षार घालत. मात्र तेवढ्याने मृत्यू आला नसता, असे याच तपासणी करणाऱ्यांचे म्हणणे आहे.

मग यकृत कशाने गेले? यकृताच्या आजाराची जोखीम वाढवणारे जनुक त्याला आई आणि वडील दोघांकडून मिळाले होते. त्याच केसांत हेपॅटायटिस बी या विषाणूचाही डीएनए सापडला, म्हणजे निदान शेवटच्या काही महिन्यांत तरी त्याला ही लागण होती. तिसरे कारण दारू. नुसत्या जनुकांनी त्याचे एवढे बिघडले नसते. तिन्ही एकत्र आली आणि यकृत संपले असावे. यांतले जनुक आपल्या हाती नाही. परंतु आज हेपॅटायटिस बीची लस आहे, बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आपल्या धर्मग्रामातील आयांनी ती चुकवू नये. उरलेल्या तिसऱ्या कारणाबद्दल आम्ही प्रवचनात पुष्कळ बोलतो, इथे पुन्हा लिहीत नाही.

ज्याच्यासाठी मृत्युपत्र लिहिले त्या कानांचे काय? त्याविषयी जनुकांनी काही सांगितले नाही. बहिरेपणाचे ठोस आनुवंशिक कारण त्यांत सापडले नाही.

न विचारलेले मात्र सांगितले. पुरुषाचे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जवळजवळ जसेच्या तसे मिळते, आपल्या आडनावासारखे. बेल्जियममध्ये आजही बीथोव्हेन आडनावाची माणसे आहेत. त्यांतील पाच पुरुषांची वंशावळ कागदोपत्री सोळाव्या शतकातील आर्ट व्हान बीथोव्हेनपर्यंत जाते, आणि संगीतकाराचीही तिथेच जाते. त्या पाचांचे वाय गुणसूत्र एकमेकांशी जुळते, संगीतकाराचे मात्र त्यांच्याशी जुळत नाही. याचा अर्थ असा, की आर्टचा मुलगा सुमारे १५७२ मध्ये आईच्या पोटी राहिला तेव्हापासून ते १७७० पर्यंतच्या कोणत्या तरी एका पिढीत मूल नोंदलेल्या बापाचे नव्हते. एवढाच अर्थ. या काळात सात पिढ्या होऊन गेल्या. योहानच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही म्हणून काहींचा संशय आजीवर आहे, पण एखादे पान हरवले म्हणून कुणाच्या आजीला दोष देता येत नाही. प्रशियाच्या राजाच्या कंडीला तर यातून कसलाच आधार मिळत नाही. ज्या आईच्या अब्रूसाठी मुलाने अंथरुणावरून पत्र लिहिले, तिच्याविरुद्ध केसांनी एक अक्षरही सांगितलेले नाही. बातमीचे मथळे लिहिणाऱ्यांनी हे पाहायला हवे होते.

हल्ली परदेशी राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांत थुंकीचा नमुना पाठवून पूर्वजांचा शोध घेण्याची हौस वाढली आहे. त्यातूनही असे अनपेक्षित काही निघू शकते. अशा वेळी चर्चचे रजिस्टर खोटे का, असे कुणी विचारेल. रजिस्टर रक्ताची तपासणी करत नाही. हे मूल अमुक आईबापांनी चर्चमध्ये आणले, गॉडफादर-गॉडमदर अमुक होते, आणि या घराने हे आपले म्हणून स्वीकारले, एवढे ते सांगते. मेखेलनहून आलेल्या आजोबांचे नाव नातवाला दिले गेले, तो तीन वर्षांचा असताना ते वारले, आणि त्यांचे चित्र त्याने व्हिएन्नात आयुष्यभर आपल्या खोलीत ठेवले. सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलची चार कारणे शिकवली होती. एखादी वस्तू कशाची बनली हे त्यांतले एक कारण, उरलेली तीन वेगळीच. डीएनए त्या पहिल्या कारणापुरते बोलतो, आणि तेही अर्धवट.

२०२४ साली आणखी एका अभ्यासात हे दिसले. तालाशी जुळवून घेण्याच्या क्षमतेशी संबंधित असलेल्या अनेक जनुकांचा एकत्र हिशेब मांडता येतो. त्या हिशेबात बीथोव्हेनला बसवले तेव्हा शंभरांतील सुमारे नव्वद सामान्य माणसे त्याच्या पुढे निघाली. ज्यांनी हे गणित केले त्यांनीच सांगितले, की एका माणसाविषयी असे गणित किती फसवे असते ते यावरून ओळखा.

बीथोव्हेनचा संपूर्ण जनुकसंच आता जगभरच्या संशोधकांसाठी खुला ठेवण्यात आला आहे. बहिरेपणाशी संबंधित नवी जनुके दरवर्षी सापडत आहेत, आणि प्रत्येक नवे जनुक त्या संचाशी ताडून पाहता येते. डॉक्टर श्मिटने लिहायचे राहून गेलेले वर्णन अजून पूर्ण झालेले नाही.