हॅरल्ड राजा

इंग्लंडच्या इतिहासांत १०६६ हें साल फार महत्त्वाचें आहे. त्या एका सालांत तिघांच्या मस्तकीं त्या देशाचा मुकुट होता. त्यांतील दुसरा जो हॅरल्ड, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हॅरल्डचा पिता गॉडविन हा वेसेक्स प्रांताचा अर्ल, म्हणजे मुख्य अधिकारी, होता. राजवंशाचें रक्त हॅरल्डच्या अंगांत नव्हतें. तथापि त्याची बहीण ईडिथ १०४५ सालीं एडवर्ड राजाची राणी झाली, व १०५३ सालीं पित्याच्या मागें वेसेक्सचा कारभार हॅरल्डकडे आला. पुढें १०६३ सालीं त्यानें वेल्सच्या ग्रिफिथ राजाचा मोड केला. तेव्हांपासून राज्यांत एडवर्डच्या खालोखाल त्याचाच शब्द चाले.

एडवर्डास अपत्य नव्हतें. वादाचें मूळ हेंच. राजाच्या सावत्र भावाचा नातू एडगर अल्पवयी होता. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हा एडवर्डच्या मामाचा नातू. एडवर्डनें आपणांस राज्य देऊं केलें आहे, असें तो म्हणे. शिवाय नॉर्मन लेखक सांगतात कीं, १०६४ च्या सुमारास हॅरल्ड समुद्रापलीकडे कैदेंत सांपडला असतां विल्यमनें त्यास सोडविलें, आणि हॅरल्डनें विल्यमचा पक्ष राखण्याची शपथ वाहिली. बेयो येथील प्रसिद्ध भरतकामांत, पवित्र अवशेषांच्या दोन पेट्यांवर हात ठेवून तो शपथ घेत असल्याचें दाखविलें आहे.

१०६५ सालीं दुसरें संकट आलें. हॅरल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग हा नॉर्थंब्रियाचा अर्ल होता. त्याच्या जाचास त्रासून तेथील लोक उठले. भावाची बाजू घ्यावी तर देशांत यादवी माजणार. हॅरल्डनें प्रजेची मागणी मान्य करविली. टॉस्टिग परागंदा झाला आणि भावाचा वैरी बनला.

१०६६ च्या जानेवारीच्या ५ तारखेस एडवर्ड वारला. राज्यांतील थोर पुरुषांच्या सभेनें हॅरल्डची निवड केली व दुसऱ्याच दिवशीं त्यास राज्याभिषेक झाला. सप्टेंबरांत टॉस्टिग नॉर्वेच्या हारड्राडा राजास घेऊन उत्तरेंत उतरला. हॅरल्डनें मोठ्या त्वरेनें कूच करून २५ तारखेस स्टॅमफर्ड ब्रिज येथें त्यांस गांठलें. हारड्राडा पडला, टॉस्टिगही पडला. तीनच दिवसांनीं विल्यम दक्षिण किनाऱ्यावर उतरला. हॅरल्ड थकलेलें सैन्य घेऊन परतला, आणि ऑक्टोबरच्या १४ तारखेस हेस्टिंग्जजवळ सकाळपासून दिवस मावळेपर्यंत झुंजून धारातीर्थीं पडला. गर्थ व लिओफ्विन हे त्याचे दोन भाऊही तेथेंच पडले. नाताळच्या दिवशीं विल्यमनें मुकुट धारण केला.

हॅरल्डनें शपथ मोडली काय? विजयी पक्षानें तसाच डांगोरा पिटला. आमच्या मतें, इंग्लंडचें राज्य हॅरल्डच्या मालकीचें नव्हतें. जें आपलें नाहीं तें दुसऱ्यास देण्याचें वचन कोणासही देतां येत नाहीं. म्हणून राज्य स्वीकारण्यांत त्याचा दोष आम्हांस दिसत नाहीं. त्यानें शपथ घेतली असेल, तर दोष ती घेण्यांत होता. भावास दूर करितांना मात्र त्यानें न्याय नात्याहून थोर मानिला, आणि त्याचें मोल पुरेपूर भरिलें. विद्यार्थ्यांनीं या राजाचें शौर्य आठवावेंच. पण वचन देण्यापूर्वीं, तें देण्याचा आपणांस अधिकार आहे काय, हेंही मनास विचारावें.