बहादूरखानाची तिजोरी

बँकेत नोकरी करणाऱ्याने पाहू नये असा एक सिनेमा मी नेमका बँकेत लागलो त्याच वर्षी पाहिला. नाव 'केलीज हीरोज', मूळचा 1970 सालचा. दुसऱ्या महायुद्धातल्या काही अमेरिकन शिपायांना बातमी लागते, की जर्मनांच्या ताब्यातल्या एका फ्रेंच गावात, बँकेत, सोन्याच्या विटा ठेवल्या आहेत. युद्ध राहते बाजूला आणि क्लिंट ईस्टवुडच्या मागोमाग ही मंडळी शत्रूची फळी ओलांडून बँकेच्या दिशेने निघतात. अखेरीस बँकेसमोर एकच जर्मन रणगाडा उरतो. तो फुटत नाही आणि हटतही नाही. मग त्याच्या नायकालाच वाटा देऊ केला जातो, आणि राखणदार स्वतःच तोफ डागून बँकेचे दार उघडून देतो. सगळे थिएटर हसत होते. मी मात्र त्या राखणदाराचा विचार करीत घरी आलो.

पुढे शिरूर आणि दौंड या दोन्ही गावी नोकरीची काही वर्षे गेली. दौंडला भीमेचा पूल ओलांडला, की श्रीगोंदा तालुका लागतो. नदीच्या त्याच काठाने खाली गेले की पेडगाव. तिथे भीमेच्या कडेला एक पडका भुईकोट आहे. आत यादवकालीन लक्ष्मीनारायणाचे देखणे मंदिर आहे आणि बाकी बाभळीचे रान. हा बहादूरगड. ज्याच्या नावाने तो ओळखला गेला, त्या बहादूरखानाच्या आयुष्यात मला तो सिनेमा पुन्हा भेटला.

बहादूरखानाचे मूळ नाव मीर मलिक हुसेन. तो औरंगजेबाचा दूधभाऊ, म्हणून 'कोकलताश'. वारसायुद्धात तो औरंगजेबाच्या बाजूने लढला. 1659 मध्ये ज्या मलिक जीवनाच्या आश्रयाला दारा शुकोह गेला, त्यानेच दगा करून दाराला पकडून दिले. तो कैदी ताब्यात घेऊन दिल्लीला पोहोचवणारा सरदार हाच. पुढे गुजरातची सुभेदारी सांभाळून 1672-73 च्या सुमारास तो दख्खनचा सुभेदार झाला आणि पेडगावला त्याने आपली छावणी वसवली. दूधभावाचा विश्वास, बादशाही फौज, भरलेला खजिना, सारे काही त्याच्यापाशी होते.

1674 च्या जूनमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि जुलैत पेडगावची पाळी आली. दोनेक हजार मराठी स्वार छावणीच्या रोखाने आले आणि मोगल बाहेर पडताच पळू लागले. खान सारी फौज घेऊन पाठलागावर निघाला. मराठे पळत राहिले आणि खान पन्नासेक मैल दूर गेला. इकडे सात हजारांची दुसरी तुकडी वेगळ्या वाटेने उघड्या छावणीवर येऊन पडली. एक कोटीचा ऐवज आणि बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले दोनशे उमदे घोडे घेऊन, तंबूंना आग लावून ती निघून गेली. वेड पांघरून पेडगावला जाणे ही म्हण याच प्रसंगातून आली, असे या भागात सांगतात.

या खानाला हसण्याचा अधिकार मला नाही. शिरूरहून दौंडकडे रोकड घेऊन जाताना न्हावऱ्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटलेली दिसली. माणसे ओरडत होती. मी आणि बंदूकधारी रखवालदार, दोघेही गाडीतून उतरून धावलो. दहा मिनिटांनी माझ्या ध्यानात आले, की पेटीपाशी एकटा ड्रायव्हर आहे. पेटी जागेवर होती, पैही गेली नव्हती. तरी मला मेमो मिळाला आणि तो योग्यच होता. तिजोरीला दोन किल्ल्या आणि त्या दोन माणसांकडे, हा नियम माणसे चोर असतात म्हणून केलेला नाही. माणसाचे लक्ष उडते म्हणून केलेला आहे. आमचे लक्ष दुसऱ्याच्या संकटाने उडाले, खानाचे सोप्या विजयाच्या मोहाने. फरक तेवढाच.

पण खानाची गोष्ट इथे संपत नाही. पुढच्याच वर्षी महाराजांनी त्याच्याशी तहाचे बोलणे लावले. बादशहाची मंजुरी येईपर्यंत महिने गेले आणि तेवढ्यात मराठ्यांनी फोंड्याचा किल्ला घेतला. मग खानाच्या वकिलांना रिकाम्या हाताने परत पाठवण्यात आले. 1677 च्या आरंभी महाराज कर्नाटकाकडे निघाले, तेव्हा पाठीमागे खान स्वस्थ बसणे गरजेचे होते. न्यायाधीश निराजी रावजी त्याच्याकडे गेले. बादशहासाठी उघडपणे खंडणी आणि खानासाठी गुपचूप मोठी रक्कम दिली गेली, असे इतिहासकार नमूद करतात. खान स्वस्थ बसला. महाराजांच्या बाजूने पाहिले तर हे उत्तम राजकारण होते, एका रकमेत दक्षिणेची वाट मोकळी झाली. खानाच्या बाजूने पाहिले तर सिनेमातला रणगाडा बँकेकडे वळला होता.

त्याच वर्षी त्याला परत बोलावण्यात आले. 1680 मध्ये पुन्हा दख्खनेत पाठवले गेले. 1681 च्या आरंभी मराठ्यांनी बुऱ्हाणपूरची पुरे लुटली आणि खान उशिरा पोहोचला. त्याने पैसे खाल्ले अशी कुजबूज तेव्हाही उठली. या वेळी ती खरी होती की नाही, याने फारसे बिघडत नाही. एकदा हात बरबटलेल्या माणसाचा साधा उशीरही जमाखर्चात लाच म्हणूनच लिहिला जातो. रामशेजलाही त्याला यश आले नाही. उत्तरेत जाटांवर पाठवले, तिथेही नाही.

1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना कैद करून याच बहादूरगडावर औरंगजेबापुढे आणले गेले. त्या छावणीत दौलतीला तोटा नव्हता, पण साखळदंडातला हा कैदी नमला नाही. 11 मार्चला त्यांची हत्या झाली. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. पेडगावचे लोक आता किल्ल्याला धर्मवीरगड म्हणतात.

बहादूरखान 1697 मध्ये गेला. मानमरातब अखेरपर्यंत शाबूत होते, 'खानजहान' ही पदवी होती, 'जफरजंग' म्हणजे युद्धात विजयी हा किताबही होता. ज्या गडाला त्याने नाव दिले, त्याचे नाव मात्र लोकांनी बदलले. त्याच्या वाट्याला उरली ती एक म्हण, आणि तीही त्याला फसवणाऱ्यांची.