बाबासाहेबांनी मराठवाड्यात कॉलेज काढलं तेव्हा

मंठा : निजामाच्या काळात आपल्या भागातल्या पोराला पदवी घ्यायची तर बहुतेक वेळा हैदराबाद गाठावं लागे. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूतून. घरात मराठी, त्यात घर गावकुसाबाहेरचं असेल तर शिक्षणाचं नावच सोडा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१-१९५६) बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. ते पूर्ण करायला १९२० मध्ये पुन्हा गेले. हुशार पोरगाही पैशापायी कसा अडतो, हे त्यांनी भोगलं होतं. म्हणूनच १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले.

१९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, तेच मिलिंद महाविद्यालय. खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृह, प्रवेश सगळ्याच जातीधर्मांना. मिलिंद हा ग्रीक राजा; त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारले. कॉलेजला नाव दिलं ते या विचारणाऱ्याचं, परिसर झाला नागसेनवन.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये झालं. ते बघायला बाबासाहेब नव्हते.