रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे
चारठाणा : दुकानात पोरगं कामाला ठेवण्याआधी लोखंडे यांची आठवण ठेवावी. १८४८ साली जन्मलेले लोखंडे महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८१ च्या कायद्यानं ७ वर्षांच्या लेकराला गिरणीत रोज ९ तास राबवायला मुभा होती. १८८४ मध्ये लोखंडेंनी मुंबईत गिरणी कामगार एकत्र केले, हजारो सह्यांचं निवेदन दिलं. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्यानं मुलांचं किमान वय ९ आणि काम ७ तास झालं. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत ते गेले.

आज १४ वर्षांखालील मूल दुकानात नोकरीला ठेवलं तर मालकाला कैद किंवा २० ते ५० हजारांचा दंड होतो. घरच्या दुकानात मात्र शाळा सुटल्यावर हातभार चालतो.